नियम मोडला तर पहिला फोन कुणाला जातो?

प्रश्न असा आहे: ‘आम्ही धारचे. मुलीला इंदूरच्या एका छोट्या ख्रिश्चन कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश मिळतो आहे आणि ती तिथल्याच हॉस्टेलमध्ये राहणार आहे. प्रवेश घेताना आचारनियमांची पुस्तिका दिली. रोज सकाळी असेंब्ली आणि प्रार्थना, संध्याकाळी सातला गेट बंद, कपडे, मोबाईल, बाहेर जाण्याची परवानगी असं सगळं तिच्यात आहे. शेवटच्या पानावर मुलीची आणि पालकांची सही मागतात. नातेवाईक म्हणतात, ही सही म्हणजे धर्म लिहून देणं. मुलगी सप्टेंबरात १८ वर्षांची होईल. सही करावी का? तिला तिथे जड जाईल का?’

अशाच एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. त्यातली चौदा वर्षं मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डन होते, पुढे शिस्त समितीवरही होते. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण खाली जे सांगणार आहे त्यातलं थोडं आमच्या चुकांचं आहे, आणि सगळ्यात मोठी चूक माझीच. मी मराठी ख्रिश्चन, माहेर नगरचं. आता अहिल्यानगर म्हणायचं, म्हणजे अहिल्याबाईंच्या माहेरच्या जिल्ह्यातून त्यांच्या राज्यात आले म्हणायला हरकत नाही. मुद्दाम सांगते, कारण मी कुठल्या बाजूने बोलते आहे हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

सही करा. पण सही करण्याआधी पुस्तिकेतले नियम मोजत बसू नका. नियम सगळीकडे सारखेच असतात, एकमेकांच्या पुस्तिकांवरून उतरवलेले. नियम मोडल्यावर काय होतं, ते विचारा. पुस्तिकेत ते बहुधा दोन ओळींत उरकलेलं असतं, ‘उचित कारवाई केली जाईल’ वगैरे. कॉलेज कसं आहे ते त्या दोन ओळींमागे काय आहे यावरून कळतं.

आधी नातेवाइकांचं पाहू, कारण घरात जास्त धूर त्यांच्या बोलण्यानेच होतो. राज्यघटनेच्या २८व्या कलमाचं तिसरं उपकलम सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा असेल तर संमती पालकांची लागते. तुमच्या बाबतीत गंमत अशी की तो अधिकार आज तुमचा आहे आणि सप्टेंबरात तिचा होईल. आज तुम्ही ‘हरकत नाही’ लिहिलंत तरी वाढदिवसानंतर ती नको म्हणू शकते. आणि आज तुम्ही ‘हरकत आहे’ लिहिलंत तरी पुढे ती आपणहून प्रार्थनेला जाऊन बसू शकते. यातलं दुसरं वाक्य ऐकून पालक जरा गप्प होतात असा माझा अनुभव आहे.

असेंब्ली म्हणजे प्रत्यक्षात पंधरा मिनिटांचा मामला. एक गीत, बायबलमधला एखादा उतारा, बहुतेक वेळा स्तोत्रसंहितेतला, मग ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना, मग सूचना. खरी गर्दी सूचनांसाठी असते. स्कॉलरशिपच्या फॉर्मची तारीख, प्रॅक्टिकलचं वेळापत्रक, कुणाची सायकल स्टँडवरून हलवायची आहे, असलं सगळं. आमच्याकडे रीत अशी होती की हॉलमध्ये यायचं, प्रार्थनेला सगळ्यांबरोबर उभं राहायचं, म्हणण्याची सक्ती नाही. एक मुलगी डोळे मिटून ओठ हलवत असायची. मला वाटायचं, किती मनापासून प्रार्थना करते. तिसऱ्या वर्षी निरोपाच्या दिवशी तिनेच सांगितलं, ‘मॅडम, मी रोज भीमरूपी म्हणायचे. तुमची प्रार्थना आणि माझं मारुतीस्तोत्र बरोबर एकदमच संपायचं.’ मी म्हटलं, थोडी भरभर म्हणत असशील.

उभं राहायचं पण म्हणायचं नाही, ही वाट न्यायालयानेही मान्य केलेली आहे, आणि ती ज्यांच्यामुळे मान्य झाली ती मुलं ख्रिश्चनच होती. केरळातल्या यहोवा विटनेस पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. ती आदराने उभी राहत, फक्त म्हणत नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. आमच्या एका प्राचार्यांना मी हा निकाल वाचून दाखवला होता. एका धिटुकल्या मुलीने प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला म्हणून ते चिडले होते. निकाल ऐकल्यावर हसले आणि म्हणाले, आपल्याच माणसांनी आपल्याला अडकवलं.

तेव्हा तुमची हरकत असेल तर चार ओळींचा अर्ज द्या: मुलगी असेंब्लीला उपस्थित राहील, प्रार्थनेत सहभाग तिच्या इच्छेवर असावा. अर्जात भांडणाचा सूर नको. पोच घेऊन ठेवा. मूल्यशिक्षणाचा तासही असेल. अनेक ठिकाणी ख्रिश्चन मुलांना बायबलचा तास आणि इतरांना मूल्यशिक्षण अशी विभागणी असते. तुमच्या कॉलेजात कशी आहे ते विचारून घ्या.

आता धर्मांतर. मध्य प्रदेशात यावर १९६८ पासून कायदा आहे आणि २०२१ साली त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. त्यात दबाव, फसवणूक किंवा आमिष दाखवून स्त्रीचं किंवा अज्ञान व्यक्तीचं धर्मांतर केलं तर दोन ते दहा वर्षांचा तुरुंगवास आहे. स्वेच्छेने धर्म बदलणाऱ्यानेही साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावं असं त्यात लिहिलं आहे. एवढं डोक्यावर असताना कोणते प्राचार्य प्रवेशाच्या पुस्तिकेवर धर्म लिहून घेतील? माझ्या चौदा वर्षांत हॉस्टेलमधल्या एकाही मुलीने धर्म बदलला नाही. विषय मात्र दरवर्षी चार-पाच जणी बदलून घ्यायच्या, अकाउंट्सला घाबरून.

खरं सांगायचं तर या पुस्तिकांचा साचाच परदेशी आहे. अमेरिकेत छोटी ख्रिश्चन कॉलेजं पुष्कळ आहेत. तिथे विद्यार्थी अशा करारावर सही करतात की आम्ही दारू पिणार नाही, ठरावीक वेळा चॅपलला येऊ, अमुक पद्धतीने राहू. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात विद्यार्थ्यांच्या नाचावरची जुनी बंदी तर २००३ साली उठली. पण तिथे सही करणारा बहुतेक त्याच श्रद्धेच्या घरातला असतो आणि ते कॉलेज त्याने त्यासाठीच निवडलेलं असतं. आपल्याकडे तसं नाही. २०११च्या जनगणनेप्रमाणे मध्य प्रदेशात ख्रिश्चन ०.२९ टक्के, हजारात तीनसुद्धा नाहीत. इंदूर क्रिश्चियन कॉलेज कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८८७ साली काढलं. तेव्हापासून तिथले वर्ग भरले ते हिंदू, जैन, मुसलमान मुलांनीच. खंडव्याचे किशोरकुमार तिथेच शिकले, आणि कॅन्टीनवाल्याचे पाच रुपये बारा आणे त्यांच्याकडे राहून गेले ही गोष्ट इंदुरात अजून सांगतात. म्हणजे उधारी न फेडण्याचा नियमभंग त्या कॉलेजला सगळ्यात जास्त प्रसिद्धी देऊन गेला.

सांगायचं एवढंच, की आपल्याकडच्या पुस्तिकेत ‘आपला समुदाय’ असं छापलेलं असलं तरी ती एका श्रद्धेची मंडळी नसते, एका आवारात राहणारी निरनिराळ्या घरांतली माणसं असतात. ज्या कॉलेजला हे कळलेलं असतं तिथे नियम माणसांना सांभाळण्यासाठी वापरले जातात. ज्याला कळलेलं नसतं तिथे ते परीक्षेसारखे वापरले जातात.

‘अल्पसंख्याकांची संस्था आहे, ते काहीही करू शकतात’, असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. घटनेच्या ३०व्या कलमाने संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलेला आहे हे खरं. पण चालवण्याचा हक्क म्हणजे गैरकारभाराचा हक्क नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगून ठेवलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम त्यांनाही आहेत. रॅगिंगचं २००९चं विनियमन त्यातलंच. दरवर्षी मुलीचं आणि तुमचं हमीपत्र द्यावं लागेल, ते निमूटपणे भरा. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या, आणि पुढे जा.

तिला जड जाईल का, या प्रश्नावर जरा थांबते.

छोटं कॉलेज म्हणजे वाडा. इंदूरच्या रामबागेत किंवा नारायण बागेत जुन्या वाड्यात राहिलेलं कुणी तुमच्या नात्यात असेल तर त्यांना विचारा. कुणाकडे कोण आलं, कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही, सगळं सगळ्यांना माहीत. आमच्याकडे जेमतेम सहाशे मुलं. एखादी मुलगी दोन दिवस वर्गात दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी प्राध्यापक मला विचारायचे, ती आजारी आहे का? हजारो मुलांच्या कॉलेजात हे शक्य नाही. फी भरायची राहिली असेल तर कारकून तिला बाजूला बोलावून सांगायचा, खिडकीतून ओरडायचा नाही. कुणाच्या घरी वडील गेले तर तिची परीक्षेची फी स्टाफने आपसांत वर्गणी काढून भरली, असं दोनदा तरी झालं.

आणि याच वाड्यात कुणाशी बोलताना दिसली, कुणाच्या गाडीवर बसली, हेही तिसऱ्या दिवशी विचारलं जायचं. काळजी आणि चौकशी एकाच दाराने येतात. तुमची मुलगी धारसारख्या गावातून येते आहे, तिला ही सवय असेल. पण इंदूरला ती ज्या मोकळेपणासाठी येते आहे तो तिला कॉलेजच्या आवारात नाही, छप्पन दुकान या खाऊगल्लीत मिळेल. तिथे जायला परवानगी लागेल, आणि परवानगीच्या वहीत कारण लिहावं लागेल. आमच्या वहीत ‘झेरॉक्स’ हे कारण इतक्या वेळा लिहिलेलं असायचं की एवढ्या झेरॉक्समध्ये अख्खी लायब्ररी उतरली असती.

गेटची वेळ हा सगळ्यात दुखरा भाग. पुस्तिकेत मुलींसाठी सात आणि मुलांसाठी नऊ किंवा दहा असेल तर ते विचारण्यासारखं आहे. आयोगाच्या २०१५च्या लैंगिक छळविरोधी विनियमांत स्पष्ट आहे की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. किती कॉलेजांनी ते वाचलं असेल, माझा भरवसा नाही. मीही वाचलं ते निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना. त्याआधी वर्षानुवर्षं मी सातला कुलूप लावत होते आणि मला ते प्रेमच वाटत होतं.

इंदुरात या कुलपाची परीक्षा अनंत चतुर्दशीला होते. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात. रात्रभर रस्ते दिव्यांनी उजळलेले, आखाडे लाठ्या-तलवारी फिरवत पुढे, सगळं शहर रस्त्यावर. ढोल-ताशे हॉस्टेलच्या खिडकीतून ऐकू येतात आणि तुम्ही मुलींना सांगताय, झोपा.

१९९९ साली त्या रात्री सात मुली बाहेर होत्या. तिघींनी लोकल गार्डियनकडे जातो म्हणून लिहिलं होतं, चौघी नुसत्याच गेल्या होत्या. झाँक्या बघून, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात खाऊन, साडेबाराला परत आल्या, चौकीदाराला गेट उघडायला लावलं. मी जागीच होते. रागावले होते, पण त्याहून जास्त घाबरले होते. पुस्तिकेत लिहिलं होतं: ‘पालकांना तात्काळ कळविण्यात येईल.’ मी सकाळी सहाला फोन लावायला बसले.

त्यातली एक निमाडातल्या छोट्या गावची. रजिस्टरमध्ये तिच्या घरचा नंबर म्हणजे समोरच्या किराणा दुकानाचा पी.पी. नंबर, निरोप देऊन बोलावून घेण्याचा. ज्यांच्या घरी फोन कधी पी.पी.वर आले असतील त्यांना पुढचं सांगायला नको. दुकानदाराने फोन उचलला, कोण बोलतंय विचारलं, आणि वडील येईपर्यंत मी त्यालाच सांगून बसले होते की हॉस्टेलमधून बोलतेय, मुलगी रात्री उशिरा आली, म्हणून फोन केला आहे. वडील आले तेव्हा दुकानात आणखी किती माणसं उभी होती कुणास ठाऊक. दुपारच्या बसने ते इंदूरला पोचले. माझ्याशी एक शब्दही वाईट बोलले नाहीत, उलट आभार मानले. मुलीला घेऊन गेले. ती दुसऱ्या वर्षाला होती, पहिल्या वर्षी वर्गात पहिली आली होती. परत आली नाही.

आमच्या शिस्त समितीने त्या सातजणींना काय शिक्षा दिली माहीत आहे? शंभर रुपये दंड आणि एक महिना लेट पास बंद. उरलेल्या सहाजणींनी ती भोगली आणि डिग्री घेतली. सातवीला शिक्षा आम्ही दिलीच नाही, आम्ही फक्त फोन केला.

सहा महिन्यांनी तिची आई आली, गादी आणि पेटी न्यायला. एकटीच. चहा प्यायली. जाताना म्हणाली, ‘मॅडम, फोन मला आला असता तर मी काहीतरी सांगून निभावून नेलं असतं. पण माझा नंबर कुणी विचारलाच नाही.’

त्यानंतर मी पद्धत बदलली. प्राचार्यांशी वाद घालावा लागला, वर्षभर गेलं, पण बदलली. नियम मोडलेल्या मुलीने आधी काय झालं ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं, हिंदीत, मराठीत, जमेल तसं. एक रात्र जाऊ द्यायची, तिची आणि माझीही. मग बोलायचं. घरी कळवायचं असेल तर घरातल्या कुणाला कळवायचं ते ती सांगेल, फोनवर ती स्वतः बोलेल आणि मी शेजारी बसेन. शिक्षा काय ते ठरल्यानंतरच हा फोन, म्हणजे घरच्यांना गुन्हा आणि शिक्षा एकदमच कळेल आणि त्यांना आपली वेगळी शिक्षा शोधायची घाई होणार नाही. आमचे एक सहकारी म्हणाले, हे तर मुलींना पाठीशी घालणं झालं. मी म्हटलं, हो. बायबलात हरवलेल्या मुलाची गोष्ट आहे, सगळं उधळून परत आलेल्या पोराकडे बाप धावत जातो. तुम्ही दर वर्षी असेंब्लीत ती वाचता.

सगळंच मात्र थांबवायचं नाही. मुलगी आजारी पडली, रात्री परतलीच नाही, जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलू लागली, तर फोन त्याच मिनिटाला. आणि १८ वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मुलांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे वॉर्डनची मर्जी चालत नाही.

म्हणून प्रवेशाच्या दिवशी प्राचार्यांना किंवा वॉर्डनना विचारायचं ते हे. मुलीने नियम मोडला तर तिचं म्हणणं आधी ऐकता का, की आधी आम्हाला फोन करता? शिस्त समितीवर कोण कोण आहे, त्यात बाई आहे का? आरोप लेखी देता का? निर्णयाविरुद्ध कुठे जायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत असेल तर कॉलेज बरं आहे असं समजा. आयोगाच्या २०२३च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती वेगळी, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तिच्यात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही हवेत. हे सगळं कागदावर बहुतेक ठिकाणी असतं. मुलींना माहीत आहे का, ते हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नजर टाकलीत की कळेल. तिथे फक्त मेसचं बिल आणि ‘मौन राखा’ असेल तर समजून जा.

एक हिशेबी गोष्ट. मूळ मार्कशीट आणि टीसी देताना नीट बघा. आयोगाने २०१८ साली सांगितलं आहे की मूळ प्रमाणपत्रं पडताळून विद्यार्थ्याला परत द्यायची, कॉलेजने अडकवून ठेवायची नाहीत. कुठे कुठे अजून ठेवून घेतात. विनंती करा, नाहीतर निदान पावती घ्या. मुलीला मध्येच दुसरीकडे जायचं झालं तर हीच कागदं तिचा पाय अडकवतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी घरात निघेलच म्हणून सांगते: जेवण आणि गणपती.

मेसमध्ये रविवारी चिकन असलं तरी शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी असतात. आमच्या मेसचे महाराज, म्हणजे स्वयंपाकी, ब्राह्मण होते, चिकन शिजवायला दुसरा माणूस यायचा आणि त्या दिवशी महाराज कपाळावर आठ्या घेऊन वरणाजवळ उभे असायचे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी करून द्यायचे, पण आदल्या दिवशी नावं लिहून द्यावी लागायची. उपास न करणाऱ्याही नावं लिहायच्या, कारण महाराजांची खिचडी छप्पनपेक्षा चांगली असे.

हॉस्टेलच्या आवारात गणपती बसवायला परवानगी मिळणार नाही. मागूही नका, नाही ऐकून उगाच मन कडू होईल. कपाटाच्या आत गजाननाचा फोटो, बाजूला उदबत्ती न लावता फूल, याला मी कधी हरकत घेतली नाही, आणि घेणारी वॉर्डन अजून पाहिली नाही. उदबत्तीला हरकत धर्माची नाही, गादीला आग लागण्याची असते. गणपतीत चार दिवस रजा मिळते का ते आधीच विचारा. इंदुरात तुमचं कुणी मराठी नातेवाईक लोकल गार्डियन असेल तर आरतीला तिकडे जाता येईल. आमच्या घरी नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळे असतात, फराळ सगळा आपलाच. हॉस्टेलच्या मराठी मुली पंचवीस डिसेंबरला आल्या की म्हणायच्या, मॅडम, तुमची दिवाळी उशिरा येते.

ख्रिश्चन मुलींचंही सांगायला हवं. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, कारण सगळे गृहीत धरतात की कॉलेज त्यांचंच आहे. सक्ती जास्त असते ती त्यांच्यावर. रविवारी चर्चला गेलीस का, बायबलच्या तासाला का नव्हतीस, पाळकांची मुलगी असून असं कसं? तुमच्या मुलीला हरकतीचा अर्ज देता येईल. झाबुआकडून आलेल्या भिल्ल ख्रिश्चन मुलीला असा अर्ज देता येतो हे सांगायलाच कुणी नसतं, आणि तिने दिला तर फोन आधी तिच्याच घरी जातो. माझ्याकडे अशा दोघीतिघी रात्री येऊन बसायच्या, काही न बोलता. मी त्यांना अंडी सोलायला द्यायचे.

हे इतकं लांबलं त्याचं कारण हे, की तुमच्या प्रश्नात कॉलेजबद्दल सगळं आहे आणि घराबद्दल काहीच नाही. मुलीला जड जाईल का, हे अर्धं कॉलेजवर आहे. उरलेलं अर्धं धारला तुमच्या ओटीवर ठरणार आहे, ज्या दिवशी वॉर्डनचा फोन येईल त्या दिवशी. तीन वर्षांत एकदा तरी येईलच. कधी उशीर झाला म्हणून, कधी अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली गेली म्हणून, कधी एखाद्या मुलाबरोबर सराफ्यात दिसली म्हणून. तेव्हा पहिली बस पकडून येणार, की आधी तिला विचारणार, ते आत्ता ठरवा. आणि जे ठरवाल ते तिला आत्ताच सांगा, सही करायच्या आधी. वॉर्डन कितीही चांगली असली तरी हे ती तुमच्या वतीने सांगू शकत नाही.

पुस्तिकेचं शेवटचं पान भरताना ‘पालकांचा संपर्क’ असा एक रकाना असेल. जागा एकाच नंबरची असते. तिथे तुमच्या नंबराखाली, बारीक अक्षरात का होईना, तिच्या आईचा नंबर लिहा.